दगड कुणी धुतला

दाजी, तुम्ही मला फसवून गेलात. सतरा वर्षं मी तुमच्या तोंडच्या एका वाक्याची वाट बघत होतो, आणि तुम्ही दुपारी आमटी-भात जेवून सतरंजीवर आडवे झालात ते उठलातच नाहीत. अक्काचा फोन आला तेव्हा मी किकवीच्या माझ्या दुकानात दाराच्या चौकटीला खाच पाडत होतो. पटाशी खाली ठेवली, आणि पहिला विचार मनात आला तो असा की हा माणूस न बोलताच सुटला. रडू नंतर आलं. आधी राग आला. हे मी अक्काला सांगितलेलं नाही, तुम्हाला सांगतोय, कारण तुम्हाला आता सांगून काही बिघडणार नाही.

तेराव्याच्या आधी तुमच्या समोरच्या शेडवाले गणपतराव माझ्या हातात कागद देऊन गेले. म्हणाले, "शिवा, तू त्यांचा शिष्य बी आन् मेव्हना बी. चार वळी तूच लिही, फ्लेक्सवर टाकू." लिहिल्या. कुशल कारागीर, शांत स्वभाव, सगळ्यांना धरून राहणारे. डेपोच्या रस्त्याला तुमच्या फोटोखाली त्या ओळी लागल्या, लोकांनी उभं राहून वाचल्या. त्यात खोटं काही नव्हतं. पण माझंही त्यात काही नव्हतं. माझं आहे ते हे, आणि हे कुणी वाचायचं नाही. वहीत राहील आणि माझ्याबरोबर जाईल.

हिर्डोशीहून भोरला तुमच्याकडं काम शिकायला आलो तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. शेतात मन लागेना म्हणून अक्कानंच तुमच्याकडं शब्द टाकला होता. मला वाटलं होतं, पहिल्या दिवशी करवत हातात द्याल. तुम्ही ग्राइंडरचा दगड दिलात. नवाकोरा, करडा, सहा इंची. मधल्या भोकात बोट घालून लोंबता धरायला लावलात आणि पेचकसाच्या लाकडी मुठीनं हलकेच ठोकलात. घंटीसारखा आवाज आला. "आयकलंस? ह्यो बोलतोय. बोलतो तोच मशिनीवर चढवायचा. बद्द वाजला तर आत चीर हाय समज, मग कुनाच्या बी बापाचा असू दे, फेकून द्यायचा." मग चारी बाजूंनी ठोकायला लावलंत. शिवाय चढवल्यावर मिनिटभर बाजूला उभं राहून रिकामाच फिरवायचा, तोंडासमोर उभं राहायचं नाही. आजही माझ्या दुकानात नवा दगड आला की मी आधी वाजवून बघतो. तुमचं नाव काढत नाही, पण वाजवतो.

तुमच्यासारखी धार मला अजून येत नाही, हेही लिहून टाकतो. मशिनीबरोबर फुकट आलेल्या त्या करड्या, टणक दगडावर तुम्ही रंध्याचं पातं असं धरायचात की त्याला कधी निळा डाग पडला नाही. बोटं पात्याच्या तोंडाला लागून ठेवायची, बोटाला ऊब लागली की पातं पाण्याच्या डब्यात. "बोटाला कळतं त्ये डोळ्याला कळत न्हाई," म्हणायचात. माझ्या बोटाला काही कळायचं नाही. मी दाबायचो, दगडाचं तोंड बुजून गुळगुळीत व्हायचं, मग आणखी दाबायचो, आणि पटाशीचं टोक जांभळं-निळं पडायचं. पोलादाचं पाणी उतरलं की ती पटाशी सागवानाला लावताच वळायची. तुमच्या चार चांगल्या पटाश्या मी तशा जाळल्या. तुम्ही एकदाही शिवी दिली नाहीत. जळालेला भाग घासून काढायचात आणि परत माझ्याच हातात द्यायचात. त्याबद्दल तुमचे उपकार आहेत. ते मी नाकारत नाही.

म्हणूनच तर मी पुण्याहून पांढरा दगड आणला. ऐंशी नंबरचा, मऊ. तो स्वतः झिजतो, त्याचे कण सुटत राहतात, तोंड बुजत नाही, म्हणून हत्यार तापत नाही. दुकानदारानं हिरवाही दाखवला होता, पण तो कार्बाइडच्या हत्याराचा, आपल्या पटाशीला त्याचा उपयोग नाही हे मला तोवर विचारून-विचारून कळलेलं होतं. मोठ्या तोऱ्यात आणला आणि तुमच्यापुढं ठेवला. तुम्ही नख लावून बघितलंत. "साखरेचा दगड हाय ह्यो. चार दिसांत इरघळंल."

"इरघळू दे की," मी म्हणालो. "दगड झिजला तर दुसरा येतोय. पटाशी जळली तर पोलाद कुठनं आणायचं?"

"दगडाला कशाला नावं ठेवतूस? हात शिक आधी."

आपलं हे भांडण दोन वर्षं चाललं. ग्राइंडरच्या एका बाजूला तुमचा करडा, एका बाजूला माझा पांढरा. आणि मी चहाला गेलो की तुम्ही गुपचूप तुमचं पातं पांढऱ्यावर लावायचात. दगडावर तुमच्या रुंद पात्याचा चर दिसायचा. मी दगडाचं तोंड खरवडायच्या ड्रेसरनं तो सपाट करायचो आणि काही बोलायचो नाही. एवढंच कशाला, ते रुंद पातं नीट बसेना म्हणून पांढऱ्या दगडावरचं लोखंडी कव्हर तुम्हीच काढून माळ्यावर टाकलंत. लक्षात ठेवा हे. कव्हर तुम्ही काढलंत.

मग ती खंडेनवमी. पूजेसाठी तुम्ही दरवर्षीसारखा ग्राइंडर उघडला, दोन्ही दगड उतरवले. मी नवमीला हिर्डोशीला गेलो होतो, दसऱ्याच्या सकाळच्या एसटीनं परत आलो. दुकानात पाटावर सगळी हत्यारं मांडलेली, झेंडू वाहिलेला, पांढऱ्या दगडावर हळदी-कुंकवाची बोटं. आळीतले पाचसहा सुतार जमलेले. तुम्ही म्हणालात, "शिवा, चढव दगड. मुहूर्त करू."

मी दगड भोकात बोट घालून उचलला. पेचकसही हातात घेतला. आणि ठोकला नाही. कुंकू लावलेल्या, पुजलेल्या दगडाला पेचकसानं मारायचं कसं, असं वाटलं. चारचौघांत ते बरं दिसलं नसतं. ही चूक माझी आहे, ती मी तुमच्यावर ढकलत नाही. दगड चढवला, नट आवळला, बटण दाबलं, आणि लोक आजूबाजूला उभे होते म्हणून बाजूला सरकायला जागा नव्हती, तसाच समोर उभा राहिलो. टेबल थरथरायला लागलं. बंद करायला हात पुढं केला, तेवढ्यात तो फुटला.

डावा डोळा गेला. पुण्याच्या दवाखान्यातून महिन्यानं परत आलो तोवर सगळ्या भोरात तुम्ही सांगून मोकळे झाला होतात की पांढरा दगड मुळातच फुटका निघाला. शिवानं बघून आणला नाही. मी सांगत होतो, त्यानं ऐकलं नाही.

तुकडे एका पोत्यात भरून ठेवलेले होते. मी ते एकेक करून जुळवले. निम्म्या दगडाच्या आत, अगदी पोटापर्यंत, गुलाबी रंग उतरलेला होता, आणि बरोबर मध्यावर त्याची आडवी रेघ. दगड उभा करून कुणीतरी कुंकवाच्या पाण्यात ठेवला होता, रात्रभर. हा दगड म्हणजे सगळी बारीक भोकं असतात, तो पाणी पितो. वरून पुसला की कोरडा दिसतो, रंग पूजेच्या कुंकवात खपून जातो, आत निम्मा जड राहतो. तसा मिनिटाला अडीच-तीन हजार वेळा फिरवला की स्वतःलाच फाडतो. तुकडा घेऊन मी तुमच्यापुढं आलो. "दाजी, हा पाण्यात कुणी ठेवला?"

तुम्ही तुकडा हातात घेतलात, उलटा-सुलटा केलात. तुम्हाला रेघ दिसली. मला एकाच डोळ्यानं दिसत होतं तरी तुम्हाला ती दिसलेली मला दिसली. आणि तुकडा टेबलावर ठेवून म्हणालात, "माल फुटका व्हता, शिवा. जाऊ दे."

जाऊ दे. डोळा माझा गेला आणि जाऊ दे तुम्ही म्हणालात.

त्या दिवसापासून मी तुमचा वैरी झालो. तुम्हाला ते कळलं होतं की नाही कुणास ठाऊक, मी काही कसर ठेवली नाही. किकवीला दुकान टाकलं ते तुमच्या डोळ्यांवर यावं म्हणून. तुमच्याकडची गिऱ्हाइकं ओढली. तुमचा सगळ्यात चांगला कारागीर फोडला आणि त्याला पांढऱ्या दगडावर धार लावायला शिकवलं. दर दसऱ्याला सोनं द्यायला तुमच्याकडं यायचो तेव्हा मुद्दाम डावी बाजू तुमच्याकडं करून बसायचो, म्हणजे चहा संपेपर्यंत तुम्हाला तो डोळा बघावा लागेल. तुम्ही बघायचात. अक्काला हाक मारून आणखी चहा मागवायचात. मला वाटायचं, आता बोलतील. आज बोलतील. तुम्ही पावसाचं बोलायचात, सागाच्या भावाचं बोलायचात. उठताना मी पाया पडायचो, आणि तुमच्या पायावर डोकं टेकवून मनात म्हणायचो, तुमचे हात थरथरू देत, तुमची धार जाऊ दे. असला नमस्कार करायचो मी तुम्हाला, सतरा वर्षं.

डोळ्याचं एक वेळ सोसलं असतं. पण सुतारांत माझा शब्द गेला, तो मला सोसवला नाही. भोरच्या बाजारात मला लोक मागून "साखरेचा दगड" म्हणायचे. तुमचाच शब्द तो. सगळे करड्या दगडालाच धरून राहिले आणि पटाश्या जाळत बसले. आणि दर खंडेनवमीला दगड तसेच धूत राहिले. एकदा-दोनदा मी सांगायला गेलो, दगडाला पाणी लावू नका. तर हसले. म्हणाले, आपल्या फुटक्या मालावर पांघरूण घालतोय. तुम्ही एक वाक्य बोलला असतात तर सगळ्यांनी ऐकलं असतं. दर नवमीला मला झोप यायची नाही, की आज कुणाचा डोळा जातोय.

तेराव्याचं जेवण उरकलं, पाहुणे गेले. अक्का ओसरीवर परात घेऊन बसली होती. मला म्हणाली, "शिवा, तेवढा ग्राइंडर घेऊन जा तुज्याकडं. हितं कोन वापरनार हाय."

मी म्हणालो, मला त्यांची एकही वस्तू नको. आणि मग जे साठलं होतं ते सगळं बाहेर पडलं. मेलेल्या माणसाबद्दल, त्याच्या बायकोपुढं, तेराव्याच्या दिवशी. मी म्हणालो, तुझ्या नवऱ्यानं दगड धुतला, माझा डोळा घालवला आणि वर मलाच चोर ठरवलं. मरेपर्यंत कबूल केलं नाही. असला भेकड माणूस मी बघितला नाही.

अक्कानं परात खाली ठेवली. मग म्हणाली, "दगड म्या धुतला व्हता."

मी ओसरीच्या कडेला बसलो.

"लई मळलेला दिसत व्हता रं. द्येवापुढं तसाच काळा ठिवायचा व्हय? ह्याच परातीत उभा केला, हळद-कुकवाचं पानी व्हतं, आन् इसरले. सकाळी ह्यांनी बगितला. पुसला. म्हनले, वाळंल उनात."

"आणि मला का नाही सांगितलंस?"

"सांगनार व्हते. दवाखान्यात येताना सांगनारच व्हते. ते म्हनले, न्हाई. म्हनले, तुजं आई-बाप गेलं, येवढा येक भाऊ हाय. शिवाला कळलं तर म्हायेर तुटंल तुजं. दगडावर घालू, दगडाला कोन इचारतंय. म्या लई येळा म्हनलं, आता तरी सांगू द्या. तर म्हनायचं, ह्ये वझं म्या धरलंय न्हवं, मग धरू दे."

दाजी, तुमच्या घरात तुम्ही जन्मात कधी एक पेला तरी विसळला होता का? ताट उचलून मोरीत ठेवलं होतं का? इतकी वर्षं मी तुमच्या घरात जेवलो, तुमचे हात लाकडाशिवाय कशाला लागलेले मी बघितले नाहीत. पूजेची भांडी कोण घासतं, हत्यारं कोण पुसून मांडतं, हे मला रोज दिसत होतं. आणि सतरा वर्षांत एकदाही, एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही की दगड तुम्ही कशाला धुवाल. सूड घ्यायचा माणूस मी तुम्हालाच ठरवून ठेवला होता, त्यामुळं दुसरीकडं बघायची गरजच वाटली नाही.

मी तसाच उठलो. अक्कानं विचारलं, "आता माज्याशी बोलनार न्हाईस का?" मी चपला घातल्या. डेपोत जाऊन बसलो. किकवीच्या दोन गाड्या गेल्या, चढलो नाही. राग कुणावर काढायचा हेच कळेना. अक्कावर काढायला गेलो तर डोळ्यापुढं भाऊबीज यायची. सतरा वर्षांत एक चुकलेली नाही. ओवाळताना तिचा हात माझ्या डाव्या डोळ्याशी थबकायचा, मला वाटायचं तिला कीव येते. माझा सगळा राग तुमच्यावर खर्च होत होता म्हणून तिच्यासाठी उरला नाही. तुम्ही तेच केलंत, व्हय ना? ठरवून केलंत. माझे शिव्याशाप, ते डावी बाजू करून बसणं, तो विषारी नमस्कार, सगळं चहाबरोबर गिळत राहिलात.

पण म्हणून सोडीन असं समजू नका. बायकोचं माहेर राखलंत ते माझं नाव विकून राखलंत. कव्हर तुम्ही काढलंत. सकाळी दगड ओला बघितलात आणि पुसून पाटावर ठेवलात, तेही तुम्हीच. "शिवा, आज चढवू नको," एवढं म्हणाला असतात तर कुणाचं माहेर तुटलं असतं? आळीतली चार माणसं मुहूर्ताला थांबली होती, त्यांच्यापुढं आज मशीन बंद म्हणायला तुम्हाला जड गेलं. आणि मला कुंकवाच्या दगडाला ठोकायला जड गेलं. आपण दोघंही एकाच मुशीतले, हे जास्त झोंबतंय.

काल खंडेनवमी झाली. तुमच्या घरात यंदा सण नाही, म्हणून सगळे समोर गणपतरावांच्या शेडात जमले. मीही गेलो. मला कुणी बोलावलं नव्हतं. गणपतरावांनी ग्राइंडर उघडून ठेवला होता, आणि त्यांची सून तांब्या घेऊन दगडाशी वाकलेली. मी दारातूनच ओरडलो, "पाणी घालू नका."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. एक जण हसलाही. मी कोपऱ्यातला एक झिजलेला, टाकून दिलेला दगड उचलला, आडवा धरला आणि सुनेच्या तांब्यातलं वाटीभर पाणी त्यावर हळूहळू ओतलं. पाणी आत गेलं. खाली थेंब पडला नाही. "कुठं गेलं पाणी?" मी विचारलं. मग सगळं सांगितलं. एक बाजू जड कशी होते, फिरताना काय होतं, त्या दसऱ्याला काय झालं. दगड कोरड्या फडक्यानं पुसायचा, कुंकवाचं बोट लावायचं तर मशिनीच्या लोखंडाला लावायचं, आणि पुजलेला असो नाहीतर काय, चढवण्याआधी ठोकून बघायचा. देवाला राग येत नाही.

गणपतरावांनी तो दगड हातात घेऊन वजन बघितलं. दुसरा कोरडा घेऊन बघितलं. "म्हंजे तुजा दगड फुटका नव्हता?"

"नव्हता."

"आमी उगाच तुला..." त्यांनी दोन्ही दगड खाली ठेवले. मग विचारलं, "पर मंग दगड धुतला कुनी व्हता?"

अक्का तिच्या दारात उभी होती. रस्ता तो केवढा, तिला सगळं ऐकू येत होतं. एका हातानं तिनं चौकट धरली होती आणि तोंड उघडलं होतं. ती सांगणार होती, दाजी. सगळ्या आळीपुढं, तुम्ही गेल्यावर महिना व्हायच्या आत.

"दाजींनी," मी म्हणालो.

शेडात सगळे चुकचुकले. कुणीतरी म्हणालं, "येवढा जाणता मानूस, आन् पोराचा डोळा घालवून गप बसला." दुसरा म्हणाला, फ्लेक्सवर तर काय काय लिहिलंय. हे ऐकण्यासाठी मी सतरा वर्षं थांबलो होतो, अक्षर न् अक्षर मी मनात ऐकलेलं होतं. ऐकलं. बरं वाटलं. खोटं सांगत नाही, लई बरं वाटलं.

मग रस्ता ओलांडून अक्काकडं गेलो आणि जेवायला वाढ म्हणालो. आता भोरात तुमचं नाव निघालं की लोक ही गोष्ट काढतील, पुढची कैक वर्षं काढतील, आणि मी एकदाही दुरुस्त करणार नाही. तुम्हाला तिथं राग येत असेल तर येऊ दे. ती तुमची बायको होण्याआधी माझी बहीण होती.